'डॅड्स आर्मी' हा चित्रपट पाहण्याआधी मूळ मालिका पाहायला हवी का?

अडणार काही नाही, पण निदान तीन-चार भाग आधी पाहाच. २०१६च्या चित्रपटाची गोष्ट स्वतंत्र आहे: १९४४ साल, इंग्लंडमधलं किनाऱ्यावरचं काल्पनिक गाव, होमगार्डची (दुसऱ्या महायुद्धात देशाच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांची) म्हातारी पलटण आणि गावात शिरलेला जर्मन हेर. टोबी जोन्स आणि बिल नाय दोघंही छान. तरी खरी गंमत बीबीसीच्या मालिकेत (१९६८ ते १९७७) आहे. तिथे विनोद हेरगिरीतून येत नाही, तो माणसांच्या स्वभावातून येतो. एका भागात पकडलेला जर्मन कप्तान पलटणीतल्या पोरगेल्या पाइकचं नाव विचारतो. 'सांगू नकोस' असं ओरडताना पलटणीचा प्रमुख कॅप्टन मेनवारिंग स्वतःच ते नाव बोलून जातो! मेनवारिंग साकारणाऱ्या आर्थर लो यांचा तो चेहरा पाहायलाच हवा.

शिवाय मेनवारिंगची बायको मालिकाभर पडद्यावर येतच नाही, नुसता तिचा धाक जाणवतो. चित्रपटात ती चक्क समोर येते. मला हे पटलं नाही, न दिसण्यातच तिची सगळी मजा होती. पाइक साकारणारे इयन लॅव्हेंडर मात्र चित्रपटात ब्रिगेडियर म्हणून दिसतात. मालिका पाहिली असेल तर त्या क्षणी फार बरं वाटतं.