पडलेली स्केटर वरच्या क्रमांकावर कशी? फिगर स्केटिंग बघायला कुठून सुरुवात करावी?

तुम्ही विचारलंय ते असं : मुलगी रोलर स्केटिंगला जाते, तिच्या नादाने निपाणीत घरचे सगळे फिगर स्केटिंग बघायला लागलात. पण पडलेली खेळाडू वर आणि एकदाही न पडलेली खाली, हा हिशेब काही लागत नाही. शिवाय सगळ्या उड्या सारख्याच दिसतात. मी बेळगावची, शहापुरात राहते आणि या खेळावर माझा फार जीव आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पडण्याचा हिशेब. प्रत्येक उडीला ठरलेले मूळ गुण असतात. अलीकडच्या तक्त्यात चार फेऱ्यांच्या लुट्झला ११.५० आहेत, तीन फेऱ्यांच्या साल्कोला ४.३०. उडी कशी झाली यावर नऊ परीक्षक उणे ५ ते अधिक ५ असा शेरा देतात. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा शेरा सोडून उरलेल्यांची सरासरी धरतात. शेऱ्याची एक पायरी म्हणजे मूळ गुणांचे दहा टक्के. पडलं की बहुधा उणे ५, म्हणजे निम्मे गुण गेले, वर पडल्याचा एक गुण वेगळा कापतात. आता मांडून बघा : चार फेऱ्यांची लुट्झ पूर्ण फिरून खेळाडू पडली, तरी ११.५० मधून ५.७५ आणि १ वजा जाऊन ४.७५ उरतात. नीट उतरलेल्या साध्या तिहेरी साल्कोपेक्षा हे जास्तच झाले. मात्र हवेत अर्धी फेरी किंवा त्याहून जास्त कमी पडली, तर तीच उडी तीन फेऱ्यांची धरतात. मग ५.९० वरून हिशेब सुरू होतो आणि पडल्यावर हातात १.९५ येतात. म्हणून पडली की नाही यापेक्षा पडण्याआधी पूर्ण फिरली होती का, हे बघायचं.

उलटंही होतं, आणि मला तेच जास्त आवडतं. चार फेऱ्यांच्या टो लूपला ९.५० गुण आहेत. ती कशीबशी उतरली, सरासरी शेरा उणे ३ आला, तर ६.६५ मिळतात. तीन फेऱ्यांची लुट्झ देखणी झाली, अधिक ४ आले, तर ८.२६. देखणेपणाला इथे रोख किंमत आहे.

आता उड्या ओळखायच्या कशा? माझं ऐकाल तर सुरुवातीला हवेत बघूच नका. हवेतला वेळ एक सेकंदसुद्धा नसतो, तेवढ्यात फेऱ्या मोजता मोजता आपणच गोंधळतो. पाय बघा. बुटाखालच्या पात्याला तळाशी मधोमध उभी खोबण असते, त्यामुळे दोन कडा तयार होतात, एक आतली आणि एक बाहेरची. चोर्ला घाटात वळणावर दुचाकी जशी झुकते तसा स्केटर कडेवर झुकतो आणि बर्फावर वळण उमटतं. या खेळातलं सगळं या झुकण्यातून निघतं.

सहा उड्या आहेत. त्यातली अ‍ॅक्सेल सगळ्यात सोपी ओळखायला, कारण ती एकटीच तोंड पुढे करून मारतात. उतरताना मात्र पाठ पुढेच, म्हणून तिच्यात अर्धी फेरी जास्त. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉल्सननं ती १८८२ मध्ये पहिल्यांदा मारली. तिची चार फेऱ्यांची, म्हणजे साडेचार फिरण्याची, आवृत्ती स्पर्धेत पहिल्यांदा नीट उतरवली ती अमेरिकेच्या इलिया मालिनिननं, २०२२ मध्ये. साल्को आणि लूप कडेवरूनच उठतात. टो लूप, फ्लिप आणि लुट्झ मारताना दुसऱ्या पायाचे पात्याच्या टोकाचे दाते बर्फात रोवून उसळी घेतात.

लुट्झवर जरा थांबा, ती समजली की निम्मा खेळ समजला. खेळाडू पाठमोरी, डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, लांबलचक घसरत येते. शरीर एका बाजूच्या वळणात आणि उडी फिरणार उलट्या बाजूला. त्यामुळे आलेलं वळण तिच्या विरोधात असतं. उजवा पाय मागे जातो, दाते रोवायची वेळ येते आणि नेमक्या त्या क्षणी बऱ्याच जणींचा घोटा आत पडतो, कड बदलते. आतल्या कडेवरून उठली की ती झाली फ्लिप. कमी किमतीची उडी मारून लुट्झचे गुण मागितल्यासारखं ते, आणि तांत्रिक समिती रिप्ले बघून ते पकडते. मोबाइलवर व्हिडिओ हळू करून तो घोटा एकदा बघा. मग थेट प्रक्षेपणातही आपोआप दिसायला लागतो.

आमच्या सासूबाईंना एकाही उडीचं नाव येत नाही. पण त्या कान देऊन बघतात. 'ही खरडली बघ,' म्हणतात आणि पडद्याच्या कोपऱ्यातला चौकोन खरंच लाल होतो. चांगलं उतरणं म्हणजे एका पायावर, पाठमोरं, बाहेरच्या कडेवर आणि वेग न मोडता. त्याचा आवाज बारीक येतो. फेरी कमी पडली की खरवडल्यासारखं ऐकू येतं. तो चौकोन हिरवा असला तर शेरा चांगला, पिवळा असला तर तपासणी चालू.

उड्यांखेरीज रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य यांचे गुण असतात. पूर्वी असे पाच भाग होते, २०२२ पासून तीन केले. इथे परीक्षक नावावर गुण देतात असा आरोप चाहते करतात आणि तो अगदीच खोटा नाही असं माझंही मत आहे. नाव मोठं असलं की हात सैल सुटतो. तरी पूर्वीपेक्षा बरं म्हणायचं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत एका परीक्षकावर दबाव आल्याचं प्रकरण उघड झालं, कॅनडाच्या जोडीला मागाहून दुसरं सुवर्ण द्यावं लागलं. त्यानंतर सहापैकी गुण द्यायची जुनी पद्धत गेली आणि वर सांगितलेला हिशेब आला.

मुलीला आधी जपानची काओरी साकामोतो दाखवा. तिच्याकडे तिहेरी अ‍ॅक्सेल नाही, चार फेऱ्यांचं काही नाही, तरी २०२२, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ तीन विश्वविजेतेपदं. तिची साधी दुहेरी अ‍ॅक्सेल बघा की! वेग कमी न करता येते, रिंक ओलांडल्यासारखी उडते आणि त्याच वेगात पुढे निघते. मग जपानच्याच युझुरू हान्यूचा २०१७ च्या हेलसिंकीतल्या जागतिक स्पर्धेतला फ्री स्केट. स्पर्धेचे दोन भाग असतात, आधी छोटा तो शॉर्ट आणि नंतर मोठा तो फ्री स्केट. शॉर्टनंतर तो पाचवा होता, तिथून जिंकला. आणि जपानच्या माओ असादाचा २०१४ च्या सोची ऑलिंपिकमधला फ्री स्केट. शॉर्टमध्ये ती सोळावी गेली होती, पदकाची आशा संपली होती. दुसऱ्या दिवशी आठ तिहेरी उड्या घेऊन उभी राहिली आणि सहावी आली. पदक नाही मिळालं, पण मला आजवर पाहिलेल्यात हाच सगळ्यात प्रिय आहे. तो बघताना शेजारी कोणी बोललेलं मला खपत नाही.

आइस डान्समध्ये, म्हणजे जोडीने करायच्या बर्फावरच्या नृत्यात, मोठ्या उड्या नसतात म्हणून लोक ते सोडून देतात. सोडू नका. दोघांमधलं अंतर बघा. खोल कडेवर, भरवेगात, तरी जवळ : तेच अवघड आहे.

हंगाम साधारण ऑगस्टमध्ये ज्युनियर स्पर्धांनी सुरू होतो आणि मार्चमध्ये जागतिक स्पर्धेने संपतो. ज्युनियर ग्रां प्री यूट्यूबवर दाखवतात. मुलीला तिच्याच वयाच्या जवळपासची मुलं दिसतील, म्हणून तिथूनच सुरू करा. जपानमधली स्पर्धा आपल्याकडे दिवसा पडते, अमेरिकेतली पहाटे.

मुलीला बर्फावर शिकायचं असेल तर आपल्या भागात सोय नाही, रिंक आहेत त्या देहरादून, गुरुग्राम, सिमल्याकडे. पण चाकांवरही आर्टिस्टिक स्केटिंग नावाचा प्रकार आहे. त्यात अ‍ॅक्सेल, साल्को, लुट्झ, गिरक्या सगळं आहे आणि आपल्याकडे रोलर स्केटिंग फेडरेशन त्याच्या स्पर्धा घेतं. बेळगावात काय, निपाणीत काय, मुलं बहुतेक स्पीडकडेच वळतात. तुमच्या सरांना आर्टिस्टिकबद्दल मुद्दाम विचारा. जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ काढून त्यावरून एका पायाने, आधी बाहेरच्या बाजूला झुकून आणि मग आतल्या, असं तिला रोज फिरायला सांगा. उड्या त्यानंतर.