वाचक विचारतात : क्रिकेट खेळणारा मुलगा आणि बेसबॉलचा ट्रायआउट

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा ११ वर्षांचा आहे, आजवर टेनिस बॉलने क्रिकेटच खेळलाय. मार्चमध्ये लिटल लीगचा (मुलांच्या बेसबॉल संघटनेचा) ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी आहे, हाताशी सहा आठवडे आहेत. रोज बॅटिंग केजमध्ये (सरावाच्या जाळीत) नेऊ का?

उत्तर : रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. उरलेला वेळ फेक आणि झेल यांना द्या. ट्रायआउटमध्ये साधारणपणे चार-पाच ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू), तेवढेच फ्लाय बॉल (उंच उडालेले), पाच-दहा चेंडूंची बॅटिंग आणि धावणं एवढंच बघतात. बॅटिंगला दोन-चार चेंडू हुकले तर कोच समजून घेतात. पण अडवलेल्या प्रत्येक चेंडूनंतर फेक करायचीच असते, आणि तिथे कच्चेपणा लपत नाही.

या वयाच्या मैदानावर दोन बेसमध्ये (धावणाऱ्याने गाठायच्या जागांमध्ये) ६० फूट असतात; तिसऱ्यावरून पहिल्यावर फेकायचं तर सुमारे ८५. पहिल्या आठवड्यात ३० फुटांवरून, दिवसाआड २५-३० फेकी. मग ४५, ६०, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत ८५. तर्जनी आणि मधलं बोट घोड्याच्या नालेसारख्या शिवणीवर आडवी, अंगठा खाली, चेंडू तळव्याला टेकवायचा नाही. क्रिकेटमधली मुलं घाईत कमरेतून, आडव्या हाताने फेकतात. त्याने चेंडू बाजूला वळतो आणि पहिल्या बेसवरचा खेळाडू ताणला जातो. कोपर खांद्याच्या रेषेत, ग्लोव्हच्या हाताचा खांदा लक्ष्याकडे, त्याच बाजूचा पाय पुढे. गोलंदाजीचा सरळ हात इथे कामाचा नाही. पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने २००८ साली करारबद्ध केलेले भारतीय खेळाडू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हेही गोलंदाज नव्हते, भालाफेकपटू होते.

ग्लोव्ह ११ ते ११.५ इंचांचा घ्या आणि आजच घ्या. नवं चामडं कडक असतं, चेंडू आपटून बाहेर पडतो. रोज पंधरा मिनिटं झेल खेळूनच ते मऊ होतं. ओव्हनमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कमरेच्या वरच्या चेंडूला बोटं आकाशाकडे, खालच्याला जमिनीकडे. ग्राउंडरला गुडघा टेकवून आडवं बसायची क्रिकेटची सवय मोडा, उठेपर्यंत धावणारा पोचलेला असतो. ग्लोव्ह जमिनीला लावून पुढे, दुसरा हात त्याच्या वर, आणि पाय फेकीच्या दिशेने आधीच निघालेले.

बॅटिंगमध्ये एकच मोठी अडचण येते : मुलगा चेंडू अडवायला जातो. टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवर) चेंडू ठेवून आधी कंबर, मग हात, असा पूर्ण फिरवायला शिकवा. फटका बसला की बॅट खाली टाकायची (फेकायची नाही!) आणि पहिल्या बेसवर पाय ठेवून वेग न कमी करता पुढे जायचं. तिथे ओलांडून गेलं तरी चालतं.

प्रश्न : ट्रॅव्हल टीममध्ये (गावोगावी सामने खेळणाऱ्या संघात) खेळणाऱ्या मावसभावाची बॅट मिळाली आहे. चालेल?

उत्तर : शिक्का बघा. २०१८ पासून लिटल लीगमध्ये ‘यूएसए बेसबॉल’चा शिक्का लागतो, ‘यूएसएसएसए’ या दुसऱ्या संघटनेचा असेल तर बॅट चालत नाही, आणि ट्रॅव्हलवाल्यांकडे बहुधा तीच असते. ११-१२ वर्षांच्या गटात लांबी ३३ इंचांपर्यंत. बुटांना धातूचे खिळेही नकोत.

प्रश्न : मुलीच्या कोपराला आतून दुखतं, पण तिला पिचिंग (फलंदाजाला चेंडू टाकणं) करून दाखवायचंय.

उत्तर : फेक आजच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयात हाडाची वाढ व्हायची जागा कोवळी असते, आणि आतल्या बाजूचं दुखणं तिथलंच असू शकतं. बर्फ लावून खेळवू नका. फेकीची परवानगी मिळाल्यावरही कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) नको, फास्टबॉल आणि चेंजअप (हळू चेंडू) पुरे. ११-१२ वर्षांना दिवसाला कमाल ८५ पिच आणि ६६ किंवा जास्त झाल्या तर चार दिवस विश्रांती, हा लिटल लीगचाच नियम आहे. मात्र घरच्या अंगणातल्या फेकी त्यात कुणी मोजत नाही. त्या तुम्ही मोजा.