‘नॉट इन’ लावलं की क्वेरीत एकही ओळ का येत नाही?

एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक शोधायला तुम्ही एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) ‘नॉट इन’, म्हणजे ‘या यादीत नसलेले’, ही अट लावलीत आणि तिच्यात ऑर्डर दिलेल्यांचे आयडी आणणारी सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) लिहिलीत. एरर नाही, पण निकाल रिकामा. आणि असे ग्राहक तर टेबलात समोर दिसतायत. डेटाबेस ठीक आहे. ऑर्डरच्या टेबलात ग्राहक-आयडीच्या कॉलममध्ये कुठेतरी एखादा नल बसलेला असणार, आधी तो शोधा.

एसक्यूएलमध्ये नल म्हणजे शून्य नाही, रिकामी स्ट्रिंगही नाही (ओरॅकल याला अपवाद). नल म्हणजे ‘माहीत नाही’. समजा सबक्वेरीतून ३, ७ आणि नल आले. ग्राहक ५ साठी तपासणी अशी होते: ५ हा ३ नाही ना? खरं. ७ नाही ना? खरं. नल नाही ना? माहीत नाही. हे तिन्ही ‘अँड’ने जोडलेले, म्हणून एकूण उत्तरही ‘माहीत नाही’. अट तपासणारा ‘व्हेअर’ मात्र फक्त ‘खरं’ ठरलेल्याच ओळी पुढे सोडतो. एका नलने सगळी यादी गिळली!

सबक्वेरीत ‘इज नॉट नल’ची अट घातली की भागतं. मी मात्र सरळ ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहितो. तिथे जुळणारी ओळ आहे की नाही एवढंच बघितलं जातं, त्यामुळे नल आडवा येत नाही. माझी यात अख्खी दुपार गेली होती, कारण टेस्टच्या डेटात नल नव्हताच.

मोबाइल अ‍ॅपमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्येही हेच होतं. पायथनच्या पांडाज लायब्ररीत यादीत आहे का हे तपासणाऱ्या ‘आयसिन’ला मात्र ही खोड नाही.