राजीव गांधींची हत्या: फक्त पंतप्रधान बदलला असं नाही

तुमचा प्रश्न असा की राजीव गांधींच्या हत्येमुळे नरसिंह राव पंतप्रधान झाले, ह्यापलीकडे खरंच काय बदललं आणि इतक्या वर्षांनी पण लोक तेच का उगाळतात. बरंच बदललं हो. आणि सगळ्यात जास्त बदललं ते श्रीलंकेतल्या तमिळ लोकांचं, म्हणजे ज्यांच्या नावाने हे केलं गेलं त्यांचंच.

रावांचं आधी उरकतो. 20 मे 1991 ला लोकसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा झाला, 21 च्या रात्री तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरला राजीवचा जीव घेणारा स्फोट झाला, उरलेलं मतदान जूनमध्ये ढकललं गेलं आणि त्यात काँग्रेसची कामगिरी पहिल्या टप्प्यापेक्षा खूपच चांगली झाली. राव ती निवडणूक लढलेच नव्हते, दिल्लीतून गाशा गुंडाळून हैदराबादला जायची तयारी चालली होती त्यांची. आपल्याकडे ह्या विषयावर पवारांची संधी कशी हुकली एवढीच चर्चा होते, त्यात मी पडत नाही.

मला त्या रात्रीचा एक फोटो विसरता येत नाही. मारेकऱ्यांनी स्वतःच एक फोटोग्राफर बरोबर नेला होता, तो स्फोटात मेला पण त्याचा कॅमेरा शाबूत राहिला आणि त्यातल्या रोलवरूनच तपासाला दिशा मिळाली. त्या फोटोत चष्मा लावलेली, सलवार-कमीज घातलेली धनू, म्हणजे अंगावर बॉम्ब बांधून आलेली मारेकरी, चंदनाचा हार घेऊन उभी आहे आणि तिच्या अगदी शेजारी एक शाळकरी मुलगी आहे, राजीवना कविता म्हणून दाखवायला आलेली. ती पोरगी पण गेली. ड्युटीवरचे पोलीस गेले, कार्यकर्ते गेले, डझनाहून जास्त माणसं, आणि दर 21 मेला आपण एकाच माणसाचं नाव घेतो ह्याचं मला फार वाईट वाटतं. धनूला एका महिला सब-इन्स्पेक्टरने आधी अडवलं होतं, पण राजीवच म्हणाले की येऊ दे सगळ्यांना, असं तिनेच नंतर सांगितलंय. राजीवना तेव्हा एसपीजी, म्हणजे पंतप्रधानांची खास सुरक्षा, नव्हती, कारण कायद्यात फक्त पदावरचे पंतप्रधान आणि त्यांचं कुटुंब होतं. माजी पंतप्रधानांना ती मिळाली ती ह्या हत्येनंतर कायदा बदलला म्हणून, आणि 2019 ला तो परत आवळला.

आता मूळ मुद्दा. 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली, तिथे तमिळांसाठी वेगळा देश मागणाऱ्या एलटीटीई ह्या सशस्त्र संघटनेशी लढण्यात हजाराहून जास्त जवान गमावून मार्च 1990 ला परत आली. राजीव पुन्हा सत्तेत आले तर सैन्य परत येईल ही एलटीटीईला भीती होती, हत्येमागे तेच कारण धरलं जातं. पण त्याआधी तमिळनाडूत एलटीटीईच्या लोकांना घरचं मानत होते हो, पैसा, औषधं, राहायला जागा सगळं मिळायचं, मुख्यमंत्री असताना एमजीआर स्वतः मदत करायचे. एका रात्रीत ते संपलं. पुढच्याच महिन्यात तिथल्या विधानसभेला एलटीटीईच्या जवळचा समजल्या जाणाऱ्या द्रमुकचे फक्त 2 आमदार आले, मे 1992 ला एलटीटीईवर बंदी आली, आणि जीव वाचवून आलेल्या साध्या निर्वासितांकडे पण संशयाने बघायला लागले, 1992 पासून त्यांना परत पाठवणं सुरू झालं. 2006 ला एलटीटीईचे प्रवक्ते बालसिंघम टीव्हीवर खेद व्यक्त करून गेले पण तोपर्यंत पंधरा वर्षं गेली होती, आणि 2009 ला युद्धाच्या शेवटी श्रीलंकेतल्या मुल्लैतिवूच्या किनाऱ्यावर हजारो सामान्य तमिळ माणसं अडकून मेली तेव्हा दिल्लीत त्यांच्यासाठी जोर लावणारं कोणी उरलं नव्हतं. ह्याला हत्या हे एकमेव कारण नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठं तेच.

दिल्लीच्या राजकारणात तर अजून एक सरकार ह्यातच गेलं, हे फार कोणाला आठवत नाही. 1997 ला हत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या जैन आयोगाचा अंतरिम अहवाल फुटला, त्यात द्रमुकवर ठपका होता, बाहेरून पाठिंबा देणारी काँग्रेस म्हणाली द्रमुकचे मंत्री काढा, पंतप्रधान गुजराल नाही म्हणाले, पाठिंबा गेला, सरकार पडलं आणि 1998 च्या निवडणुकीत वाजपेयी आले.

कोर्टाचं तर विचारू नका. टाडा ह्या दहशतवादविरोधी कायद्याच्या खास कोर्टाने 1998 ला सगळ्याच्या सगळ्या 26 आरोपींना फाशी सुनावली, सुप्रीम कोर्टाने पुढच्या वर्षी चौघांचीच ठेवली, तिघांना जन्मठेप दिली आणि बाकीच्यांना सोडलं. फाशीच्या चौघांतला पेरारिवलन अटकेच्या वेळी 19 वर्षांचा, 9 व्होल्टच्या बॅटऱ्या आणून दिल्या हा आरोप. त्याचा जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्यानेच रिटायर झाल्यावर सांगितलं की बॅटऱ्या कशासाठी हव्यात हे माहीत नव्हतं असं तो म्हणाला होता, ते मी लिहून घेतलं नाही. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, कारण त्या एका वाक्यावर माणसाचा जीव टांगलेला होता. दयेचे अर्ज अकरा वर्षं पडून राहिले, त्या उशिरामुळेच 2014 ला फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली, आणि 2022 ला आधी तो आणि मग उरलेले सहा सुटले.

त्या सहांपैकी चौघं श्रीलंकेचे, त्यांना तुरुंगातून काढून तिरुचिरापल्लीच्या स्पेशल कॅम्पात ठेवलं. त्यातला संथन घरी जायची वाट बघत होता, पण आजारी पडला आणि फेब्रुवारी 2024 ला चेन्नईच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये गेला. त्या हॉस्पिटलला राजीव गांधींचं नाव आहे. जाफन्याला त्याच्या आईकडे त्याचा मृतदेहच पोचला.