किडनीवर गाठ असताना स्विंडनला यावं का?

प्रदीपबाब, मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि डाव्या किडनीवर २.२ सेंटिमीटरची गाठ निघाली. गणेश चवथीनंतर इंग्लंडमधल्या स्विंडनला नोकरीवर रुजू व्हायचंय, तोवर ती किती वाढेल, असं तुम्ही विचारलंय. मी मूळची डिचोलीची, इथे नऊ वर्षं झाली. माझ्या नवऱ्यालाही अशीच गाठ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

४ सेंटिमीटरच्या आतल्या गाठी सरासरी वर्षाला ३ मिलिमीटरच्या आसपास वाढतात. काही वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात आणि पाचांतली एखादी तर कॅन्सरची नसतेच. पण नुसत्या सरासरीवर विसंबू नका, गाठीची जात बघावी लागते. सर्वांत जास्त आढळते ती क्लिअर सेल. तिच्यात बहुधा व्हीएचएल हे जनुक बिघडलेलं असतं. ऑक्सिजन कमी पडतोय असा निरोप देणारं एचआयएफ नावाचं प्रथिन पेशीत असतं; ऑक्सिजन पुरेसा असताना ते मोडून टाकणं हे व्हीएचएलचं काम. ते थांबलं की निरोप जातच राहतो आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटत राहतात. सोबत बीएपी१ हे जनुकही बिघडलं असेल तर गाठ जास्त आक्रमक असते. क्रोमोफोब जात बहुधा संथ. एफएच जनुकाचा दोष घराण्यात असेल तर मात्र गाठ लहान असली तरी डॉक्टर वाट बघत नाहीत. म्हणून घरात कुणाला किडनीचा कॅन्सर झाला होता का, ते वडीलधाऱ्यांना आजच विचारा.

आमची एक चूक सांगते. येताना आम्ही रिपोर्टचा कागद आणला, स्कॅनची सीडी घरीच राहिली. इथल्या डॉक्टरांनी पडद्यावर गाठीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली: २.६. कागदावर होतं २.३. आता ही वाढ की मोजण्यातला फरक? एकच गाठ दोघांनी मोजली तरी दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात, म्हणजे वर्षाची वाढ त्यातच बुडून जाते. पुढच्या स्कॅनपर्यंत सहा महिने घरात कुणाला धड झोप नव्हती. पुन्हा २.६ च आली.

म्हणून चवथीच्या आधीच गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा तुमच्या डॉक्टरांकडे कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे शिरेतून औषध सोडून काढतात तो सीटी स्कॅन, करून घ्या, सोनोग्राफीच्या मापावर राहू नका. बायोप्सीचा उपयोग होईल का, तेही विचारा. डॉक्टर ‘देखरेख पुरे’ म्हणाले तर माझ्या मते खुशाल या. व्हिसासोबत प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, त्यात पुढचे स्कॅन आणि गरज पडली तर ऑपरेशनही येतं. आल्या आठवड्यातच जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. वर्षात ५ मिलिमीटरहून जास्त वाढ दिसली तर मात्र ऑपरेशनचं बोलणं पुढे ढकलू नका.

सीडी हातातल्या बॅगेत ठेवा, आणि निघण्याआधी एकदा कॉम्प्युटरवर उघडून चित्रं दिसतात का ते बघा.