पहिली रग्बी सेव्हन्स स्पर्धा भरवताय? आधी घड्याळ सांभाळा

सेव्हन्स म्हणजे सात-सात खेळाडूंची रग्बी. तुमच्या पहिल्याच स्पर्धेला बारा संघ मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. अभिनंदन! आता वेळापत्रकाचं बघू, कारण नवखे आयोजक हमखास इथेच अडकतात.

सात-सात मिनिटांचे दोन भाग आणि मधे दोन मिनिटं, म्हणजे सामना सोळा मिनिटांचा. म्हणून लोक वीस मिनिटांना एक सामना लावतात. दुखापत होते, संघ मैदानात यायला वेळ लावतो आणि दुपारपर्यंत तासभर उशीर होतो. बावीस मिनिटं धराच. तीन-तीन संघांचे चार गट केलेत, तर साखळीचे 12 आणि बाद फेरीचे 7, असे 19 सामने होतात. एका मैदानावर हे जवळजवळ सात तास झाले, जेवणाची सुट्टी वेगळी. अंतिम सामना उजेडात हवा असेल तर सकाळी आठला सुरुवात करा.

एका गटाचे सामने लागोपाठ लावू नका. चारही गट आळीपाळीने खेळवा, म्हणजे खेळाडूंना तासभर तरी विश्रांती मिळते.

आता गर्दी. सुरुवातीला प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे घरचे आणि मित्र. संघ हरला की तेही निघतात, आणि अंतिम सामन्याला मैदान ओस पडतं. फार वाईट वाटतं ते. यासाठी:

- साखळीत हरलेल्यांसाठी छोटी 'प्लेट' फेरी ठेवा. वेळ कमी पडत असेल तर दोन संघ कमी घ्या, पण प्लेट ठेवा.
- स्थानिक संघाचा सामना सकाळी आठला नको, अकराच्या सुमारास लावा.
- सावली आणि पाणी. मांडवाचा खर्च टाळू नका.
- दहावी-बारावीच्या परीक्षांचा काळ टाळा.

थेट प्रक्षेपण, तिकिटं वगैरे पुढच्या वर्षी बघू.