डॉफिनला जायचं, पण तिथे करायचं काय?

ताई, तुम्हाला टोरोंटोजवळचं ब्रॅम्प्टन सोडून कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या डॉफिनला यायचंय, मिस्टरांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळतेय, मुलगी 7 वर्षांची, आणि तुमचा प्रश्न असा की शनिवार-रविवारी इथे कंटाळून वेड लागेल का. बरीच वर्षं इथे राहतोय म्हणून जरा लांबण लावतो.

लागू शकतं. ज्यांना लागलं त्यांचं एक लक्षण सांगतो, शुक्रवार संध्याकाळ झाली की गाडी काढून विनिपेग, म्हणजे प्रांताची राजधानी. सव्वातीनशे किलोमीटर, एका बाजूला साडेतीन तास, हिवाळ्यात त्याहून जास्त, आणि मग दोन वर्षांनी म्हणणार की डॉफिनमध्ये काही नाही! अहो तुम्ही इथे होतातच कधी. गणपतीला जा, दिवाळीला जा, महिन्याचं इंडियन सामान भरायला जा, पण दर आठवड्याला नको.

गाव जेमतेम 8 हजारांचं. चारही बाजूंनी सपाट शेतं, जुलैत कनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) फुलला की डोळे दुखतील इतकं पिवळं, आणि दक्षिणेला त्या सपाटीतून एकदम उठलेला जंगलाचा चढ, तो रायडिंग माउंटन नॅशनल पार्क. जवळपास 3000 चौ. किमी. उत्तरेचं गेट गावापासून पंधरा-वीस मिनिटांवर, म्हणजे मिस्टर ड्युटीवरून आल्यावर उन्हाळ्यात जाऊन फिरून येता येतं, जूनमध्ये दहाच्या आसपासही उजेड असतो. क्लिअर लेकला तासाभरात पोचता, पोहायला, आइस्क्रीम खायला बरं, पण जुलै-ऑगस्टात गर्दी. लेक ऑडीला बायसनचा, म्हणजे इथल्या रानटी बैलांचा, कळप आहे, कुंपणाच्या आत, पण कुंपण इतकं मोठं की कधीकधी तासभर गाडी फिरवून एकही दिसत नाही. माझ्या मते खरा सीझन सप्टेंबरचा शेवट, अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी झालेली, डास संपलेले, आणि पहाटे एल्क नर ओरडतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचाच मोठा भाऊबंद, पण आवाज चक्क शिट्टीसारखा, पहिल्यांदा ऐकला की विश्वास बसत नाही की हा एवढ्या मोठ्या जनावराचा आहे.

काळं अस्वल आहे, बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा मिरचीचा फवारा) घ्या, मुलीला पुढे पळू देऊ नका, बोलत चाला. पण अस्वलापेक्षा जास्त त्रास मे-जूनमधल्या गोचिडांचा, गवतातून आलात की केसांत, कानामागे, कमरेला सगळं तपासायचं. आणि हायवे 10 वर संध्याकाळी हळू चालवा. मूस, हा हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, रंगाने काळपट असतो, पाय उंच, हेडलाइटमध्ये डोळेसुद्धा चमकत नाहीत बऱ्याचदा.

आता हिवाळा, कारण खरा प्रश्न तोच आहे. नोव्हेंबर ते मार्च, उणे 30 होतं, डिसेंबरात उजेड जेमतेम 8 तास. हा "काढायचा" काळ समजलात तर संपलात. गावाची अर्धी करमणूक तेव्हाच असते. बर्फाच्या रिंकवर डॉफिन किंग्जची मॅच, ही ज्युनियर हॉकी, पोरं वीस-बावीसच्या आतली, बाहेरगावची असतात आणि गावातल्या घरांत राहतात, त्या घरांना बिलेट फॅमिली म्हणतात, त्यामुळे स्टँडमधल्या कुठल्यातरी काकू आपल्याच पोरासाठी ओरडत असतात. कर्लिंग (बर्फावरून जड दगड सरकवायचा खेळ) आहे, नवशिक्यांना आनंदाने घेतात. डॉफिन लेक गोठला की त्यावर छोटी खोपटी (शॅक) घालून, ऑगरने म्हणजे मोठ्या गिरमिटाने भोक पाडून मासे धरायचे. पिकरेल नावाचा मासा मिळतो, काटे कमी, मसाला-रवा लावून तळला तर कोणी तक्रार करणार नाही. बर्फ किमान 10 सेमी असल्याशिवाय पायी जायचं नाही, गाडीसाठी त्याच्या कितीतरी पट लागतो, सुरुवातीला लोकल माणसाबरोबरच जा. मासे धरायचं लायसन्सही लागतं.

पण हे सगळं तिकीट काढून आत बसायचं असं नाहीये. शहरातून आलेल्यांना इथेच अडतं. ट्रेल साफ करणारे, फेस्टिव्हलला गेटवर उभे राहणारे, रिंकच्या कँटीनमध्ये फ्राइज तळणारे, बरेचसे व्हॉलंटियर. कोणी घरी येऊन आग्रहाने बोलावणार नाही, पण तुम्ही एकदा "काही मदत हवी का" विचारलंत की पुढच्या वेळेपासून फोन येतात, मग थांबत नाहीत :) ऑगस्टच्या आसपास युक्रेनियन फेस्टिव्हल असतो, 1960 च्या दशकापासून चालू आहे, कारण या भागात 1896 पासून युक्रेनियन शेतकरी येऊन वसले. जून-जुलैला कंट्रीफेस्ट, कंट्री म्युझिकचा. शरद ऋतूत चर्चच्या नाहीतर कम्युनिटी हॉलमध्ये फॉल सपर म्हणजे गावजेवण, बटाट्याचं सारण भरलेले पेरोगी, कोबीच्या पानात भात गुंडाळलेले हॉलुब्त्सी. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, पेरोगीवर बेकन टाकतात आणि भातात कीमा असू शकतो. आणि कोणी "सोशल"चं तिकीट विकायला आलं तर घ्या, लग्नाआधी पैसे उभे करायची मॅनिटोबाची पद्धत आहे, नवरा-नवरीला ओळखायची गरज नाही, ती एक पार्टीच असते, रात्री उशिरा ब्रेड आणि कोल्डकट्स (मांसाचे थंड काप) मिळतात.

मराठी बोलायला माणूस मिळेलच असं नाही, ते खरंच जाणवतं, त्याला उपाय माझ्याकडे नाही. पंजाबी, फिलिपिनो, मल्याळी कुटुंबं भेटतील.

मुलीचं स्केटिंगमध्ये नाव सप्टेंबर लागायच्या आत घाला, तुमच्याही ओळखी तिथेच होतील, पालक सगळे बाहेर बाकावर कॉफी घेऊन बसलेले असतात. आणि भाड्याचं घर बघताना पार्किंगपाशी ब्लॉक हीटर (थंडीत गाडीचं इंजिन गरम ठेवणारा) लावायला प्लग आहे का ते आधी विचारा, किचन नंतर बघा.